बामणोलीच्या वाटेवरची जिम्नी: फुटलेल्या बंपरच्या जागी काय बसवायचं?

गाडी गॅरेजला आली तेव्हा तिचा पुढचा बंपर टपावर होता, गुरांच्या दाव्याने आवळून बांधलेला. उजवा कोपरा फुटून गायब, फॉग लॅम्पच्या जागी नुसती वायर लोंबत होती आणि फाटीत रानडुकराचे राठ केस अडकले होते. गाडी मारुती सुझुकीची जिम्नी, पाच दारांची. चालवणाऱ्या मॅडम गुरांच्या डॉक्टर. कास ओलांडून बामणोलीकडे, कोयनेच्या फुगवट्याच्या काठाकाठाने ज्या वाड्या आहेत, त्या त्यांच्या फिरतीत येतात. मागच्या सीटवर औषधांची पेटी आणि रेतनासाठी लागणारं द्रव नायट्रोजनचं कॅन कायम असतं. रात्री दीड वाजता एका वाडीवरची अडलेली गाय सोडवून त्या परत निघाल्या होत्या. वळणावर डुकरांचा कळप आडवा आला, त्यातलं एक पुढच्या उजव्या कोपऱ्याला धडकलं. वेग चाळीस-पंचेचाळीसचा असावा. एअरबॅग उघडल्या नाहीत, मॅडमना खरचटलंही नाही आणि गाडी स्वतःच्या चाकांवर साताऱ्यात आली.

सोबत त्यांचे थोरले दीर होते. त्यांनी उतरल्या उतरल्याच निकाल दिला. "मिस्त्री, ह्यावेळी लोखंडीच टाका. डुकराला प्लॅस्टिकचं काय भ्या?"

मी वीस वर्षं बॉडीचं काम करतो आणि हे वाक्य महिन्यातून दोन-तीनदा ऐकतो. हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण असं, की मॅडमनी घाई केली नाही. त्या म्हणाल्या, "दादा, मला आधी सांगा हा तुटला कसा. मग काय बसवायचं ते बघू." रोगाचं निदान आधी आणि औषध नंतर, ही त्यांची रोजचीच सवय. त्यामुळे मलाही नीट तपासायला दोन दिवस मिळाले.

जुना बंपर काय सांगत होता

पहिल्यांदा विमा कंपनीला कळवलं आणि सर्व्हेअर येईपर्यंत एक स्क्रूही ढिला केला नाही. फोटो मात्र सगळ्या बाजूंनी काढले. सर्व्हे झाल्यावर बंपर बाकावर उलटा टाकला, पाण्याने धुतला आणि खडूने एकेका खुणेला नंबर दिले. बंपर हे गाडीच्या वर्षभराच्या वाटचालीचं टिपण असतं. फेकून देण्याआधी ते वाचावं, कारण पुढचा बंपर कसा हवा हे त्यातच लिहिलेलं असतं.

डुकराची धडक एकच होती, उजव्या कोपऱ्यात. बाकीच्या खुणा वेगळ्याच होत्या. खालची कड डाव्या बाजूला वीतभर लांबीत घासून पांढरी पडली होती आणि ओरखडे समोरून मागे गेलेले होते. म्हणजे गाडी चढावाला लागताना नाक टेकत होतं. विचारल्यावर कळलं, की दोन वाड्यांत गोठ्याकडे जाताना जांभ्या दगडाच्या ताली, म्हणजे बांध, ओलांडाव्या लागतात आणि मॅडम तिथे नेहमी डावं चाक आधी चढवतात. मधोमध खालच्या जाळीला दगडाचे तीन ठोके होते. सगळ्यांत बोलकी खूण मात्र आतून होती. डाव्या टोकाच्या क्लिपा तुटल्या होत्या आणि त्यांची भोकं बाहेरच्या दिशेने ताणली गेली होती. समोरून धडक बसली तर क्लिप आत दाबली जाते. बाहेर ओढली जाते ती गाडी मागे घेताना बंपर कशात तरी अडकला तर.

"ओढ्यातून रिव्हर्स घेतली होती का?"

घेतली होती. जुलैत एका ओढ्याला अचानक पाणी वाढलं, तेव्हा अर्ध्यातून मागे आल्या होत्या. प्लॅस्टिकचा बंपर आतून पोकळ, बादलीसारखा. पाण्यातून किंवा गाळातून मागे येताना ती बादली भरते आणि बंपर पुढे ओढला जातो. त्याच दिवशी क्लिपा गेल्या होत्या. डुकराने धडक दिली तेव्हा बंपरचा डावा निम्मा भाग आधीच लोंबत होता. सगळ्या क्लिपा जागेवर असत्या तर धडकेचा जोर सगळीकडे वाटला गेला असता. कोपरा तरीही फुटला असता, पण बंपर अख्खा सुटून टपावर आला नसता.

आता गाडीकडे वळलो. बंपरच्या मागे जो आडवा धातूचा दांडा असतो, ज्याला आम्ही क्रॅश बीम म्हणतो, तो उजवीकडे आत वाकला होता. एसीच्या कंडेन्सरची एक पट्टी दुमडली होती, गळती नव्हती. रेडिएटर शाबूत. मग चॅसी मोजली. जिम्नीला शिडीसारखी वेगळी चॅसी आहे, त्यामुळे दोन्ही लांबड्यांवरचे ठरलेले बिंदू धरून कर्ण मोजता येतात. दोन्ही कर्णांत दीड मिलिमीटरचा फरक निघाला. तो टेप धरण्यातलाच म्हणायचा. चॅसी सरळ होती.

वाकलेला बीम काढून मी दिरांच्या हातात दिला. "हा वाकला म्हणून मागची चॅसी सरळ राहिली," एवढंच म्हणालो. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला, पण मत बदललं नाही. त्यांच्या बाजूनेही बोलायला हवं. त्यांच्या घरी पूर्वी कमांडर जीप होती, पुढे लोखंडी चॅनेलचा बंपर असलेली. त्या बंपरने झाडं ढकलली, ट्रॉल्या रेटल्या, त्याला काही झालं नाही. हा त्यांचा अनुभव खरा आहे. पण त्या जीपला एअरबॅग नव्हत्या, वेग पंचवीस-तीसचा होता आणि जीपचं पुढचं अंग धडकेत ठरल्या जागी दुमडावं अशा हिशोबाने बनवलेलं नव्हतं. त्या काळी धडक झाली की जीप वाचायची आणि आतल्या माणसाची छाती स्टिअरिंगवर जायची.

लोखंड तराजूत टाकून पाहिलं

दीर तयारीने आले होते. एमआयडीसीतल्या एका ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून त्यांनी चित्रही काढून आणलं होतं: ३ मिलिमीटरच्या पत्र्याचा बंपर, वर दोन इंची पाइपचा गार्ड, मध्ये विंच, म्हणजे रुतलेली गाडी ओढून काढणारी चरखी, बसवायला जागा. मी ते चित्र बाजूला सारलं नाही. त्याचं वजन काढलं.

पोलादाचा १ मिलिमीटर जाडीचा एक चौरस मीटर पत्रा ७.८५ किलो भरतो. ३ मिलिमीटरचा साडेतेवीस किलो. गाडीची रुंदी १६४५ मिलिमीटर, म्हणजे बंपरला साधारण एक मीटर साठ लांब आणि घड्या उलगडून साठ सेंटीमीटर रुंद पत्रा लागतो. तो झाला साडेबावीस किलोच्या पुढे. दोन इंची, ३ मिलिमीटर जाड पाइप मीटरला साडेतीन किलो. पाच मीटर पाइप म्हणजे साडेसतरा. चॅसीला धरणारे ब्रॅकेट आणि बोल्ट पाचेक किलो. एकूण पंचेचाळीस. प्लॅस्टिकचा बंपर पाच-सहा किलोचा, तो वजा केला तर गाडीच्या नाकावर निव्वळ चाळीस किलो वाढले.

"चाळीस किलो म्हंजी एक पोरगं बसल्यासारखं," दीर म्हणाले.

पोरगं कुठे बसतं यावर सगळं आहे. ते मधल्या सीटवर बसलं तर वजन चारही चाकांत वाटलं जातं. बंपर पुढच्या ॲक्सलच्याही पुढे टांगलेला असतो. बैलगाडीत धुरेकडे बोजा जास्त झाला की बैलांच्या मानेवर भार येतो आणि मागून गाडी हलकी होते, तसंच हे. टेपने मोजलं तर पुढच्या ॲक्सलपासून बंपरच्या मध्यापर्यंत साठ सेंटीमीटर भरले. दोन ॲक्सलमधलं अंतर २५९० मिलिमीटर. हिशोब केला की नाकावरचे चाळीस किलो पुढच्या चाकांवर एकोणपन्नास होऊन बसतात आणि मागच्या चाकांवरून नऊ किलो उचलतात. त्यात तीस किलोची विंच घातली तर पुढे शहाऐंशी वाढतात आणि मागे सोळा कमी होतात. जिम्नीचं स्वतःचं वजन बाराशे किलोच्या आसपास. दोन टनांच्या गाडीला हा फरक जाणवायचाही नाही. हलक्या गाडीचा हलकेपणा हाच तिचा गुण असतो. चिखलात ती रुतत नाही, रुतली तर चार माणसांनी निघते. तो गुण आपणच पैसे देऊन का घालवायचा?

नुसत्या आकड्यांवर लोकांचा विश्वास बसत नाही, म्हणून सिमेंटची पन्नास किलोची गोणी आणली. बंपर निघालेलाच होता. चॅसीच्या दोन्ही टोकांवर फळी बांधून गोणी वर ठेवली, गाडी चार वेळा दाबून हलवली आणि चाकाच्या कमानीची उंची मोजली. पुढून तेरा मिलिमीटर खाली बसली होती. दिरांनी स्वतः टेप धरला होता. मग जाड पुठ्ठ्याचा, चित्रातल्या मापाचा बंपर कापला आणि नाकाला चिकटवला.

इथे लोखंडी बंपरचा खरा फायदाही दिसला आणि तो मी लपवला नाही. कंपनीच्या बंपरसकट जिम्नीचा पुढचा चढण्याचा कोन ३६ अंश आहे, म्हणजे पुढच्या टायरच्या तळापासून बंपरच्या खालच्या कडेपर्यंतची रेघ जमिनीशी जो कोन करते तो. कोपरे वर उचललेला आखूड लोखंडी बंपर हा कोन वाढवतो. तालीवर नाक टेकणार नाही, टेकलं तरी फुटणार नाही. ज्यांना बंदिस्त ट्रॅकवर खडक चढायचे आहेत, त्यांच्यासाठी हे मोलाचं आहे. पण दिरांच्या चित्रातला बंपर उंच आणि भरीव होता. पुठ्ठा लावून मोजला तर कोन वाढण्याऐवजी तीन अंशांनी कमी भरला, कारण विंचच्या पेटीसाठी खाली पोट सोडलं होतं. शिवाय गाडी तेरा मिलिमीटर खाली बसणार, ते वेगळंच. जो त्रास वर्षभर होत होता, तो या बंपरने वाढला असता.

धडकेत काय होतं

हा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा थांबून सांगतो.

गाडी ताशी चाळीस किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला अकरा मीटर वेगाने घाटातल्या दगडी कठड्यावर गेली असं धरा. थांबायचं तर आहेच. प्रश्न एवढाच, की किती अंतरात. पुढचं अंग चाळीस सेंटीमीटर दुमडलं, तर आतल्या माणसाला सरासरी गुरुत्वाच्या सोळा पट झटका बसतो. पट्टा आणि एअरबॅग असेल तर माणूस तो सोसतो. पुढे न दुमडणारं लोखंड थेट चॅसीला बोल्टने आवळलेलं असेल आणि गाडी दहाच सेंटीमीटरमध्ये थांबली, तर तोच झटका त्रेसष्ट पट होतो. प्रत्यक्षात आकडे मागेपुढे होतील, पण दिशा हीच राहते. आपल्याकडे गाड्यांची समोरची धडक चाचणी एआयएस-०९८ या मानकाने होते. ताशी ५६ किलोमीटर वेग आणि गाडीच्या रुंदीचा ४० टक्के भाग अडथळ्यावर. कंपनीने बंपर, बीम आणि चॅसीची टोकं या चाचणीच्या हिशोबाने बसवलेली असतात. त्यातला पहिला दुवा आपण बदलला, की पुढची साखळी कशी वागेल हे कोणी तपासलेलं नसतं.

एअरबॅगचंही तसंच. ती किती जोरात धडक बसली एवढंच बघत नाही. वेग कसा आणि किती झपाट्याने उतरतो आहे, त्याचा आलेख सेन्सर वाचतो आणि काही हजारांश सेकंदांत निर्णय घेतो. प्लॅस्टिक आणि बीम आधी दबतात, मग चॅसी, हा क्रम धरून तो आलेख ठरवलेला असतो. लोखंडी गार्डमुळे हळू धडकेतही झटका थेट चॅसीत जाऊन एअरबॅग नको तेव्हा उघडू शकते आणि उघडायला हवी तेव्हा वेळ चुकू शकते. दोन्ही वाईटच.

मॅडमनी इथे एक प्रश्न विचारला, जो मला सुचला नव्हता. "डुक्कर ठीक आहे. गवा आला तर?"

कास आणि कोयनेच्या जंगलपट्ट्यात गवे आहेत आणि धुक्यात रस्त्यावर उभे असतात. मोठा नर हजार किलोपर्यंत भरतो, म्हणजे जवळजवळ जिम्नीच्या तोलाचा. त्याचे पाय बंपरच्या उंचीला आणि धड बोनेटच्या वर. पाय उडाले की धड काचेवर येतं. तिथे खाली लोखंड आहे की प्लॅस्टिक, याने काहीही फरक पडत नाही. गव्यावर उपाय एकच, वेग. साठच्या वेगात डोळ्याने पाहून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एका सेकंदात जवळजवळ सतरा मीटर जातात आणि ओल्या रस्त्यावर थांबायला आणखी चोवीसेक. एकूण चाळीस. पंचेचाळीसच्या वेगात हीच बेरीज सव्वीस मीटरवर येते. धुक्यात यवतेश्वरच्या पुढे चाळीस मीटर दिसत नाही, हे त्या रस्त्याने जाणाऱ्याला सांगायला नको.

आणि रस्त्यावर माणसंही असतात. मेढ्याच्या बाजारात, शाळा सुटल्यावर बामणोलीत. ताशी वीसच्या वेगातही पाइपचा गार्ड लहान मुलाच्या डोक्याच्या उंचीला येतो. प्लॅस्टिकचा बंपर दबतो, पाइप दबत नाही. एवढं बोलल्यावर दीर पहिल्यांदा गप्प झाले. त्यांचे नातू त्याच शाळेत आहेत.

कायदा आणि विमा

हे थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपुस्तकातल्या, म्हणजे कंपनीने ठरवलेल्या तपशिलात फरक पडेल असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने सगळ्या राज्यांना क्रॅश गार्ड आणि बुल बारवर कारवाई करायला लिहिलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. "सगळ्या गाड्यांना असतो की," हे खरं आहे, पण अपघात झाल्यावर सर्व्हेअरच्या अहवालात तुमच्याच गाडीचा गार्ड येतो, शेजाऱ्याचा नाही.

विम्यात आणखी एक गोष्ट लोकांना उशिरा कळते. साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत प्लॅस्टिक, रबर आणि नायलॉनच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात. बंपरची निम्मी किंमत आपल्या खिशातून जाते. मॅडमच्या पॉलिसीला शून्य घसाऱ्याची जोड होती, त्यामुळे ती कपात झाली नाही. खेडोपाडी प्लॅस्टिकच्या बंपरची गाडी चालवायची असेल, तर ही जोड घ्यावी असं मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो.

शेवटी काय बसवलं

पर्याय चार उरले होते: जुनाच सांधायचा, बाजारातला नकली घ्यायचा, ॲल्युमिनियमचा बनवायचा किंवा कंपनीचा नवा.

जुना सांधता आला असता का? बंपरच्या आतल्या बाजूला तो कशाचा आहे ते कोरलेलं असतं, बहुतेक पीपी आणि ईपीडीएम, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनमध्ये रबराचा अंश. त्याच जातीची कांडी घेऊन गरम हवेने वेल्डिंग करता येतं आणि भेगेला ते चांगलं धरतं. मी ते नेहमी करतो. पण इथे कोपऱ्याचा तुकडाच नव्हता आणि क्लिपांची भोकं ताणून मोठी झाली होती. भोकं गेली की बंपर गेला. नकली बंपर मी हातात घेऊन पाहिला. कडेला पातळ आणि वाकवला की पांढरी रेघ उठत होती. रबराचा अंश कमी असला की अशी रेघ येते आणि थंडीत असा बंपर तडकतो. ॲल्युमिनियम पोलादाच्या एक तृतीयांश वजनाचं, पण धडकेच्या आणि कायद्याच्या बाबतीत प्रश्न तेच.

म्हणून कंपनीचा नवा बंपर आणि नवा बीम. बीम सरळ करून बसवायला मी साफ नकार दिला. एकदा वाकलेलं लोखंड तापवून, ठोकून सरळ केलं, की ते दिसायला सरळ होतं, पण पुढच्या वेळी कुठे आणि किती जोराला वाकेल याचा भरवसा राहत नाही. सगळ्या क्लिपा नव्या, एकही जुनी नाही. पुढच्या कमानीतलं अस्तरही बदललं, कारण बंपरचं टोक त्यालाही धरलेलं असतं. रंग देण्याआधी प्लॅस्टिकचा प्रायमर मारला. तो टाळला तर पॉलिप्रॉपिलीनवरचा रंग पहिल्या उन्हाळ्यात सालपटासारखा सुटतो.

एवढ्याने डुकराचं भागलं, तालीचं नाही. खालच्या कडेच्या मागे, चॅसीला कंपनीनेच ठेवलेल्या भोकांत ४ मिलिमीटर ॲल्युमिनियमची एक प्लेट बसवली, पन्नास बाय चाळीस सेंटीमीटरची, दोन किलोपेक्षा थोडी जास्त वजनाची. चॅसीला नवं भोक नाही, वेल्डिंग नाही. चार बोल्ट काढले की प्लेट हातात. पुढची कड वर वळवली, म्हणजे तालीवर टेकलं तर प्लेट घसरते आणि दगड रेडिएटरच्या खालच्या कडेपर्यंत पोचत नाही. हवेची वाट अडणार नाही हे बघून घेतलं आणि पाणी जायला चार भोकं ठेवली.

विंचची गरज कशासाठी होती, तेही विचारलं होतं. वर्षात दोनदा गाडी रुतली, दोन्ही वेळा गावातल्या ट्रॅक्टरने काढली. तेव्हा विंच नको, टोचन नीट हवं. ट्रॅक्टरवाल्याने एकदा दोर थेट बंपरच्या जाळीतून घालून बीमला बांधला होता. हे कधीही करू नये. ओढ चॅसीलाच लागली पाहिजे. खालचा हूक घासून साफ केला, बोल्ट आणि भेगा तपासल्या, त्यावर पिवळा रंग मारला, म्हणजे रात्री चिखलात टॉर्चने दिसेल. गाडीत तीन-साडेतीन टनी दोन शॅकल (पट्टा हुकाला जोडायच्या लोखंडी कड्या) आणि रुंद पट्टा ठेवायला सांगितलं. सोललेली तारेची दोरी तुटली तर माणूस कापते, म्हणून ती नको.

शेवटचं काम नंबरप्लेटचं. उच्च सुरक्षा प्लेट ज्या लॉकने बसते, ते एकदा तोडलं की परत लागत नाही. नव्या बंपरवर नुसते स्क्रू मारून भागवायचं नाही, तिचं लॉक रीतसर बसवून घ्यावं लागतं. हेडलाइटचा रोखही भिंतीवर रेघ आखून पाहिला. उजवा दिवा धडकेत वर उचलला गेला होता, म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांत जाणारा आणि आपल्याला रस्ता न दाखवणारा. तो खाली आणला. या एका गोष्टीने मॅडमना रात्री बंपरपेक्षा जास्त उपयोग होईल असं मला तेव्हाही वाटलं होतं.

पावसाळ्यानंतर

ऑक्टोबरात गाडी परत आली. बंपर जागेवर होता, खालच्या कडेला एक ओरखडा. प्लेटवर मात्र आठ-दहा लांब रेघा होत्या, त्यातली एक चांगली खोल. त्या सगळ्या पूर्वी जाळीवर आणि रेडिएटरकडे गेल्या असत्या. डाव्या बाजूच्या दोन क्लिपा पुन्हा ढिल्या झाल्या होत्या. ओढा टाळता येत नाही, असं मॅडम म्हणाल्या, आणि त्यांचं काम पाहता ते खरं आहे. एक गव्याचा कळप भेटला होता, धुक्यात, वीस-पंचवीस मीटरवर. पंचवीसच्या वेगात होत्या, थांबल्या, दिवे मंद केले, कळप गेला.

माझी चूक प्लेटमध्ये निघाली. पाण्यासाठी ठेवलेली भोकं बारा मिलिमीटरची होती. लाल माती आणि पालापाचोळ्याने ती पहिल्या महिन्यातच बुजली आणि प्लेटवर ओल्या मातीचा थर साचून राहिला. काढून वजन केलं तर माती सात किलो भरली, प्लेटच्या तिप्पट. भोकांच्या जागी आता बोटभर रुंद आणि वीतभर लांब अशा तीन खाचा कापल्या आहेत, म्हणजे पाइप लावून वरून पाणी मारलं की सगळं खाली जातं. दिरांनी खाचांत बोट घालून पाहिलं आणि मधली खाच आणखी थोडी मागे न्यायला सांगितली, कारण माती तिथेच जास्त चिकटत होती. त्यांचं बरोबर होतं. ती खाच मागे घेतली, दोन क्लिपा बदलल्या आणि अंधार पडायच्या आत गाडी यवतेश्वरचा घाट चढून गेली.